याखेरीज काही नाही

आमच्या न्युरेम्बर्गात एक गृहस्थ होते. ते स्वतःच्या रिकाम्या घरात शिरतानासुद्धा आधी दारावर टकटक करायचे. एकटा जीव, लग्न केलेलं नाही, घरात मांजरही नाही. कुलूप उघडायचं, टकटक करायची, दोन क्षण थांबायचं आणि मग पाऊल आत टाकायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा न राहवून विचारलं, "आत कुणी आहे का?"

"नाही. असायला नको. पण असलंच कुणी, तर त्याला दचकवायचा मला काय अधिकार?"

"चोर असला तरी?"

"चोर तर बिचारा आधीच घाबरलेला असतो," ते म्हणाले. "त्यात आपण अजून कशाला भर घालायची?"

त्यांचं नाव सांगत नाही. घेण्याचा हक्क मी गमावलाय. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो, ते कुणाला काही शिकवत नसले तरी. मूळचे कराडचे. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथल्या एका मोठ्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले, पासपोर्टासकट. मी त्याच कंपनीत आयटीत. त्यांचं काम यंत्रांच्या सुरक्षेचं. म्हणजे माणसाचा हात चुकून आत गेला तर यंत्र वेळेत थांबतं की नाही, हे बघायचं. ते बघायला ते गाजर वापरत. कँटीनमधली बाई दर सोमवारी त्यांच्यासाठी एक लांबडं गाजर बाजूला काढून ठेवायची. यंत्र वेळेत थांबलं तर गाजर शाबूत राहायचं आणि दुपारी मिठाला लावून ते तेच खायचे. त्यांच्या हातात गाजराचा तुकडा दिसला की कारखान्यातले लोक समजायचे, आज सगळं ठीक आहे.

सर सगळ्यांना अहो-जाहो करत. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. आमच्या रेवाला, वय वर्षं चार असताना, ते म्हणाले होते, "अहो, आपल्या बुटाची लेस सुटली आहे. आपण पडाल." इथे वाढलेल्या पोरांना त्याचं काही वाटायचं नाही, जर्मनमध्ये परक्याशी असंच बोलतात, एवढं त्यांना ठाऊक. हसायचो आम्ही आया. मला ते 'रेवाच्या आई' म्हणत.

ऑफिसच्या कॉरिडॉरमधून चालताना ते दर वळणाआधी खोकायचे. मोठ्यानं, मुद्दाम. समोरून कुणी कॉफीचा कप घेऊन येत असेल तर त्याला कळावं म्हणून. नवे जर्मन लोक घशाच्या गोळ्या आणून द्यायचे. सर त्या घेत, डांके म्हणत आणि पुढच्या वळणावर पुन्हा खोकत.

मी या देशात नवी आले तेव्हा त्यांनी मला एक यादी दिली होती. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पहिल्या वर्षी आपल्याला घाबरवणाऱ्या गोष्टी'. पिवळं पाकीट आलं तर हादरू नका, ते सरकारी असतं पण प्रत्येक वेळी दंडाचं नसतं. रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेलात तर शेजारीण ओरडेल, ती मनानं वाईट नाही. ट्राममध्ये साध्या कपड्यांतला माणूस एकदम तिकीट मागेल, तो गुंड नाही. एक दिवस सगळ्यांचे फोन एकाच वेळी भयंकर किंचाळतील, ती चाचणी असते, युद्ध नाही. शेवटी एक ओळ होती, 'एवढंच. याखेरीज काही नाही.' आणि खाली सही.

त्या फोनच्या दिवशी माझ्या कुशीत तीन महिन्यांची रेवा होती आणि नवरा, मंदार, बाहेरगावी. सगळी बिल्डिंग हादरली असेल, मी ढिम्म होते. परक्या देशात मला कुणी आईच्या मायेनं वागवलं असेल तर त्या यादीनं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचे. आज सांगत नाही.

"जर्मनीत न सांगता काही होत नाही," हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं. "आधी पत्र येतं." हे त्यांच्या श्रद्धेचं वाक्य होतं. लोकांची देवावर असते, सरांची टपालावर होती. पाणी बंद होणार असेल तर पत्र येतं, रस्ता खोदणार असतील तर पत्र येतं, धुराडं साफ करणारा माणूस येणार असेल तरी दारावर आधी चिठ्ठी लागते. याच गोष्टीसाठी ते या देशाच्या प्रेमात पडले होते. "आपल्याकडे संकटं भारी नसतात हो," म्हणायचे, "पण ती अचानक येतात. माणूस संकटानं मोडत नाही, दचकल्यामुळे मोडतो."

आता हॅलोविनचं सांगते. ते आमच्याकडे पोरांनी शाळेतून आणलं. आधी आम्ही नाकं मुरडली, दिवाळीच्या आसपास हे भुताखेतांचं काय काढलंय म्हणून. पण पोरांपुढे कुणाचं चालतं? दुसऱ्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर भोपळे कोरायच्या सुऱ्यांची चर्चा सुरू झाली. शहराबाहेर एका जुन्या बिअरच्या कारखान्याची दगडी तळघरं आहेत. तिथे दर ऑक्टोबरात भुताचं घर लागतं. शनिवारी दुपारी मुलांसाठी सौम्य भुतं. आम्ही आठ-दहा पोरं घेऊन पहिल्यांदा गेलो आणि रेवा दुसऱ्या वळणावरच अशी किंचाळली की तिला उचलून मागच्या दारानं बाहेर आणावं लागलं. पुढे कित्येक आठवडे ती एकटी बाथरूमला जाईना.

सरांना हे कळलं तेव्हा ते माझ्यावर चिडले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "आपण त्यांना आत काय आहे ते न सांगता नेलंत?"

"अहो सर, भुताचं घर आहे ते! सांगितलं तर मजा काय राहिली?"

"न सांगता घाबरवणं हा गुन्हा आहे, रेवाच्या आई. सांगून घाबरवणं हा खेळ."

पुढच्या ऑक्टोबरपासून त्यांनी तो खेळ अंगावर घेतला. आदल्या गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा काढायची, मोठ्या माणसाचं एक तिकीट घ्यायचं आणि एकट्यानं आत जायचं. हातात अंगठ्यानं दाबायचं ते टिकटिक मोजायचं यंत्र. पावलं मोजायची, तीही मुलांची. म्हणजे पन्नाशी उलटलेला पांढऱ्या केसांचा माणूस अंधाऱ्या तळघरातून एक-एक वीत पाऊल टाकत, टिकटिक करत चाललाय, आणि दोन्ही बाजूंनी भुतं त्याच्यावर किंचाळतायत. तिकिटाच्या खिडकीतली बाई त्यांना 'हेर इंजिनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, म्हणायची. भुतंही पुढे ओळखीची झाली. ज्याचं त्याचं नाव-गाव विचारून ते यायचे.

मग शनिवारी, भुताच्या घराबाहेरच्या बाकावर, प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद. स्वच्छ देवनागरीत.

'पाऊल बारा. उजवीकडे शवपेटी. झाकण उघडेल. आतल्या बाई स्वभावानं चांगल्या आहेत, फक्त चष्मा काढून ठेवतात.

पाऊल एकतीस. वरून केस लोंबतील. प्लास्टिकचे आहेत.

पाऊल बेचाळीस. डावीकडून हात येईल. रबरी मोजा आहे. त्या मुलाला सर्दी झाली आहे. शिंकला तर गेझुन्डहाइट म्हणावे.'

आणि शेवटी नेहमीचीच ओळ. 'एवढंच. याखेरीज काही नाही.' खाली सही आणि तारीख.

आमची शनिवारची मराठी शाळा मुलांअभावी बंद पडली होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि पोरांनी जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, हा घराघरातला रिवाज. तीच पोरं बाकावर डोक्याला डोकं लावून त्या कागदावर बोट फिरवत अक्षरं लावायची, कारण बेचाळीस म्हणजे किती हे कळलं नाही तर हात कुठे येणार ते कळणार नव्हतं. सर सांगायचे, "जर्मन माणूस आधी दोन म्हणतो मग चाळीस, आपलंही तसंच. बे आणि चाळीस." पोरं "आख सो!", म्हणजे अस्सं होय, म्हणायची आणि आयुष्यभरासाठी शिकायची. त्या शाळेत तीन वर्षं शिकवून मी जे करू शकले नाही ते एका रबरी हातानं केलं.

आणि मजा कमी होते म्हणता? छे. बेचाळिसाव्या पावलावर हात येणार हे ठाऊक असलेली पोरं अडतिसाव्या पावलापासूनच आनंदानं ओरडायला लागायची. रेवा सरांचं बोट धरून पुढे असायची आणि हात आला की त्याला हस्तांदोलन करायची. शिंक आली तर गेझुन्डहाइट, आरोग्य लाभो. शवपेटीतल्या बाईंना तिनं एकदा चॉकलेट दिलं. दोन-तीन बापांनी कुरकुर केली की सर आमच्या मुलांना भित्री बनवतायत, जगात काय कुणी यादी देतं का? सर शांतपणे म्हणाले, "मी देतो."

शेवटच्या वर्षाकडे मी टाळाटाळ करत आलेय. आता सांगायलाच हवं.

त्या वर्षी वसंतात मंदारची कंपनी बंद पडली आणि आमच्या तिघांचा व्हिसा माझ्या एकटीच्या नोकरीवर लटकला. माझ्या कंपनीतही कुजबुज सुरू झाली होती. जर्मन लोक कुजबुजतात तेव्हा फार शिस्तीत कुजबुजतात. कॉफीच्या यंत्रापाशी दोघं उभे, आणि सरांचा खोकला ऐकू आला की गप्प. सरांना वाटायचं, खोकला उपयोगी पडतोय.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं, एका गुप्ततेच्या कागदावर सही घेतली आणि एक यादी दिली. ठरलेल्या मंगळवारी दुपारी बारा वाजता ज्यांची खाती बंद करायची होती त्यांची यादी. कंपनीच्या कॉम्प्युटरवर कुणाला येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे माझ्याच टेबलावरून होतं. सुरक्षेचा आख्खा विभाग त्यात होता. ते काम आता बाहेरच्या लोकांकडून करून घ्यायचं ठरलं होतं. वरून चौथं नाव सरांचं. नावापुढे त्यांच्या बोलावण्याची वेळही लिहिली होती. सकाळी दहा.

दहा वाजता काय होतं ते मला माहीत होतं. समोर कागद ठेवतात, आउफहेबुंग्सफरट्राग म्हणतात त्याला, म्हणजे दोघांच्या राजीखुशीनं नोकरी संपवायचा करार. राजी कोण आणि खुशी कुणाची ते विचारू नका. तिथल्या तिथे सही करायची सक्ती नसते. कागद घरी न्यायचा, वकिलाला दाखवायचा, कामगारांच्या समितीतला माणूस बरोबर घेऊन जायचं. पण हे सुचायला माणूस आधी सावध असावा लागतो. मला सरांना एक वाक्य सांगायचं होतं. 'मंगळवारी समोर काहीही ठेवलं तरी सही करू नका.' नवल वाटतं, एवढंच होतं ते. आठ शब्द.

घरी मंदारला सांगितलं. गुप्ततेचा कागद घरापुरता मोडायला मला काही वाटलं नाही, हेही लिहून ठेवते.

"तू सांगणार नाहीस ना त्यांना?" तो म्हणाला.

"अरे, पण त्यांनी आपल्याला..."

"माहितेय मला. पण हे फुटलं तर पहिलं बोट तुझ्याकडे. मग आपण तिघंही बाहेर. त्यांच्याकडे इथला पासपोर्ट आहे, पोरंबाळं नाहीत, त्यांचं काय वाकडं होणार?"

मला हेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी त्याला विचारलं होतं. खापर फोडायला एक डोकं लागतं. मंदार बिचारा दर वेळी आपलं पुढे करतो.

आणि त्याच मंगळवारच्या आधीच्या शनिवारी भुताचं घर होतं.

सर बाकावर आमच्या आधी येऊन बसले होते. पोरांना कागद वाटून झाले. मग एक कागद माझ्यापुढे धरला. "आपल्यासाठीही आणली आहे. आपण आज जरा घाबरलेल्या दिसता." मी तो घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं माझं. कागदावरची अक्षरं मला दिसेनात.

आत गेलो. बारावर शवपेटी, एकतीसवर केस, बेचाळीसवर हात, सगळं यादीप्रमाणे. सर पुढे, त्यांचं बोट धरून रेवा, मागे मी आणि बाकीची पोरं. अठ्ठावनाव्या पावलाला उजवीकडची भिंत धाडकन उघडली आणि कसायाचा एप्रन घातलेला एक धिप्पाड माणूस डरकाळी फोडत आमच्या अंगावर आला. हा कागदावर नव्हता.

"आई गं!" सर ओरडले. क्षणभरही न थांबता ते खाली बसले आणि रेवाला पोटाशी घेऊन तिच्यावर पाठीचं कूबड केलं. यंत्राखाली सापडणाऱ्या माणसाला झाकावं तसं. बिचाऱ्या कसायानं घाबरून मुखवटा वर केला आणि विचारलं, सगळं ठीक ना? पोरं खो खो हसायला लागली. "सर घाबरले! सर घाबरले!" रेवा हसत नव्हती. ती मला रात्री जेवताना म्हणाली, "आई, त्यांचं हृदय माझ्या पाठीला लागत होतं."

बाहेर आल्यावर सर बाकावर बसले. ऑक्टोबरच्या थंडीत कपाळावर घाम. जरा वेळानं उठले, कोट सारखा केला आणि एकेका मुलापुढे जाऊन उभे राहिले. "माझी यादी चुकली. मी आपली माफी मागतो." नऊ मुलं. नऊ वेळा. मग ते तिकिटाच्या खिडकीपाशी गेले. खिडकीतली बाई हसत हसत म्हणाली की तो माणूस कालच कामाला लागला, आणि हेर इंजिनिअर, न सांगता येणं हाच तर यातला खेळ आहे! सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिचं जर्मन कळलं होतं, तिचं म्हणणं कळलं नव्हतं.

ते परत येऊन माझ्या शेजारी बसले. पोरं पलीकडे पॉपकॉर्नच्या रांगेत. आम्ही दोघंच.

"रेवाच्या आई, एक विचारू का? ऑफिसात काहीतरी चाललंय म्हणतात. आपल्या विभागात काही कानावर आलंय का?"

त्यांनी सरळ विचारलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मराठीत बोलत होतो, तिथे ते कुणाला कळणार होतं? याहून सोपं करून देवानंही दिलं नसतं.

"नाही हो सर," मी म्हणाले. "काही नाही."

"मग झालं," ते म्हणाले. चेहरा उजळला त्यांचा. "तसंही आधी पत्र येतंच."

मंगळवारी साडेदहाला माझ्या खोलीचं दार उघडलं आणि मी दचकले. सर होते. वीस वर्षांत पहिल्यांदा ते न खोकता आले असावेत.

"मी वाचलं नाही हो," ते म्हणाले. मला म्हणाले की भिंतीला, सांगता येणार नाही. "समोर तिघं बसलेले. दोघांना मी ओळखतही नाही. म्हणाले, आज सही केलीत तर बरं, उद्या हेच राहील याची खात्री नाही. मी वाचलं नाही. सही केली."

कपडे धुवायच्या यंत्राचं माहितीपुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. मंडळाच्या सहलीच्या फॉर्मवरसुद्धा तीनदा वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. दारात कंपनीचा एक माणूस त्यांची वाट बघत उभा होता, त्यांना टेबलापर्यंत आणि तिथून फाटकापर्यंत सोडायला.

"मला वाटलं, आधी पत्र येईल," सर म्हणाले.

आणि मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "सर, पाणी देऊ का?"

बारा वाजता मी त्यांचं खातं बंद केलं. त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या नावाकडे गेले. त्या डिसेंबरात साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, अवघड काळात कमालीचा संयम दाखवला म्हणून. मूग गिळून बसण्याला ते लोक संयम म्हणतात.

मंडळाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. 'सर, यू विल बी मिस्ड.' 'सर, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' पाठीशी कुणी नव्हतं. वकिलानं सांगितलं की शुद्धीवर असताना, स्वहस्ते केलेली सही मागे घेणं फार कठीण. नोव्हेंबरात ते दोन-तीनदा ट्रामच्या थांब्यावर दिसले. ट्राम आली की ते एक पाऊल मागे सरायचे. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. नववर्षानंतर ते कराडला, बहिणीकडे, कायमचे जायला निघाले.

सर कुणाकडे जाताना आधी निरोप पाठवत, 'पाच मिनिटांत बेल वाजवत आहे.' त्या दिवशी निरोप आला नाही, नुसतीच बेल वाजली. रेवानं दार उघडलं. सर आत आले नाहीत. पायपुसण्यावरच उभे राहिले आणि त्यांनी खिशातून ते टिकटिक यंत्र काढून तिच्या हातावर ठेवलं.

"आपल्यासाठी. नीट वापरा. पावलं लहान टाकायची."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रेवाच्या आई, खातं बंद करायची विनंती आपल्याकडे किती दिवस आधी येते?"

मला कळलं की त्यांना कळलंय. "दोन आठवडे," मी म्हणाले.

"गेनाऊ. अगदी बरोबर. तो नियम मीच घालून घेतला होता. मध्येच कुणाचं खातं गेलं तर चालतं यंत्र अडकतं. माणसाला इजा होते. माझ्या उशिरा लक्षात आलं."

"सर, मी..."

त्यांनी हात वर केला. थांबा, असं. यंत्र थांबवतात तसा. मग ते वाकून रेवाला म्हणाले, "पुढच्या वर्षी यादी आपल्या आई करतील. त्यांना सगळं आधी माहीत असतं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी रडले असते, भांडले असते, मोकळी झाले असते. ते अगदी साधेपणानं सांगत होते, एका मुलाला आश्वासन द्यावं तसं. मग ते जिना उतरायला लागले. दर मजल्याच्या वळणाआधी खोकत. खालचं मोठं दार बंद होईपर्यंत मी तो खोकला ऐकत होते आणि एकदाही हाक मारली नाही.

ऑक्टोबर आला. रेवानं विषय काढला तो गृहीत धरूनच. जर्मनमध्ये म्हणाली, "तू कधी जाणार मोजायला? सर म्हणालेत ना, तुला सगळं आधी माहीत असतं." गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून मी गेले. खिडकीतल्या बाईनं विचारलं, हेर इंजिनिअर कुठायत? मी म्हटलं, मायदेशी गेले. वीत-वीत पावलं टाकत, टिकटिक करत मी आतून फिरले. भुतं किंचाळली. मला भीती वाटली नाही, लाज वाटली. घरी येऊन नीट अक्षरात यादी केली. शवपेटी, केस, हात, भिंतीतला कसाई, सगळं. काहीही सोडलं नाही. फक्त शेवटची ओळ लिहायला गेले आणि पेन उचलून ठेवलं. वाटलं, पोरीच्या काय लक्षात येणार.

शनिवारी आम्ही त्याच बाकावर बसलो. रेवानं बोट फिरवत कागद वाचला. शेवटापाशी आली, कागद उलटला, मागची कोरी बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला.

"शेवटची ओळ कुठाय?"

"राहिली वाटतं. आण, लिहिते."

तिनं कागद माझ्या मांडीवर ठेवला आणि बघत राहिली. मी लिहिलं, 'एवढंच.' आणि पुढे हात जाईना. याच बाकावर, याच जागी बसून मी एका माणसाला सांगितलं होतं, काही नाही. मला आत काय आहे ते पुरतं माहीत असताना. ती ओळ लिहायला माणसाचा शब्द लागतो आणि माझा मी इथेच टाकून गेले होते.

रेवा माझ्या हाताकडे बघत होती. मग तिनं कागद उचलला, घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये ठेवला.

"मग नको," ती म्हणाली. मराठीत.

बाकीच्या मुलांना आत सोडून मी परत येऊन तिच्या शेजारी बसले. या वर्षी कुणी त्यांना याद्या दिल्या नव्हत्या आणि कुणाच्या आईबापांनी मागितल्याही नव्हत्या. थोड्या वेळानं आतून किंकाळ्या यायला लागल्या. रेवा अंगठ्यानं ते यंत्र दाबत त्या मोजत होती.